आल्फ्रेड हॉविट : शोधाला निघालेला अंमलदार

गाणे शिकवणाऱ्या मास्तराने ऑस्ट्रेलियातील एका इंग्रज अंमलदाराचे चरित्र का लिहावे, असा प्रश्न वाचकांना पडेल. १८८७ साली लंडनच्या मानववंशशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात तेथील आदिवासींच्या काही गीतांचे शब्द आणि स्वर छापले गेले. त्या छापील स्वरांमागचा गाणारा कोण आणि ते टिपून घेणारा कोण, हे पाहू लागलो, तेव्हा आल्फ्रेड विल्यम हॉविट हे नाव समोर आले. पुढे कळले की गीते गोळा करणारा हा गृहस्थ तरुणपणी एका फार मोठ्या शोधमोहिमेचा नायक होता, आणि त्या मोहिमेत आदिवासींशी तो ज्या रीतीने वागला तशी रीत त्या काळच्या अंमलदारांत विरळा होती. रेसिडेंट साहेबांच्या भल्याबुऱ्या आठवणी आपल्या बडोद्याच्या जुन्या घराण्यांतून अजून निघतात. तेव्हा साहेब हा प्राणी आपल्याला अगदीच अपरिचित नाही, आणि या साहेबाची हकीकत ऐकायला हरकत नसावी.

हॉविट यांचा जन्म १७ एप्रिल १८३० रोजी इंग्लंडातील नॉटिंगहॅम येथे झाला. आई मेरी आणि वडील विल्यम, दोघेही क्वेकर पंथाचे आणि दोघेही लेखणीवर पोट भरणारे. विल्यम हॉविट यांनी १८३८ साली एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील ख्रिस्ती राष्ट्रांनी आपापल्या वसाहतींतील मूळ रहिवाशांना कसे छळले, लुबाडले आणि मारले, याचा तो इतिहास होता. त्यात अमेरिका होती, आफ्रिका होती आणि कंपनी सरकारचा हिंदुस्थानही होता. मुलगा त्या वेळी आठ वर्षांचा होता. ज्या घरात असे पुस्तक लिहिले जाते, त्या घरातील जेवणाच्या टेबलावरची बोलणी लेकराच्या कानांवरून कोरडी जात नाहीत.

थोडे शिक्षण जर्मनीत हायडेलबर्गला आणि थोडे लंडनला झाले. १८५२ साली सोन्याच्या खाणींचा बोलबाला ऐकून वडील, आल्फ्रेड आणि धाकटा भाऊ असे तिघे मेलबर्नला उतरले. सोने बेताचेच मिळाले. १८५४ साली वडील परतले, पण आल्फ्रेड तिथेच राहिला. शेती केली, मरे नदीच्या काठावरून गुरांचे कळप हाकत मेलबर्नला आणले, रात्री उघड्यावर शेकोटीजवळ पुस्तके वाचली. झाडपाला, दगडमाती आणि माणसे, तिन्हींकडे पाहण्याची सवय त्याला याच वर्षांत लागली. १८५९ साली काही भांडवलवाल्यांनी त्याला मध्य ऑस्ट्रेलियाच्या रखरखीत मुलखात चराऊ जमीन पाहायला पाठवले. १८६० साली सरकारने गिप्सलंडच्या डोंगरांत सोने शोधायला पाठवले, आणि तिथे मात्र सोने सापडले. कमी सामान, कमी बडबड आणि बरोबरच्या माणसांची काळजी, अशी त्याची ख्याती झाली.

इकडे मेलबर्नमध्ये मोठा उत्सव चालला होता. दक्षिण किनाऱ्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत ऑस्ट्रेलिया खंड ओलांडण्यासाठी रॉबर्ट ओहारा बर्क याच्या हाताखाली २० ऑगस्ट १८६० रोजी मोहीम निघाली. एकोणीस माणसे, घोडे, गाड्या, आणि मुद्दाम हिंदुस्थानातून आणवलेले उंट. उंटांबरोबर आपल्याकडचे उंटवाले होते. त्यांत सामला नावाचा एक हिंदू होता. शिध्यातील मांस त्याला चालेना, म्हणून तो सुरुवातीसच मोहीम सोडून गेला. दुसरा दोस्त महंमद शेवटपर्यंत राहिला. पुढे एका उंटाने त्याचा हात निकामी केला आणि तो तिकडच्याच मातीत गेला. उंटांबरोबर आलेला आणखी एक जण म्हणजे जॉन किंग, हिंदुस्थानात पलटणीत नोकरी केलेला आयरिश तरुण. त्याचे नाव लक्षात ठेवावे.

बर्क शूर होता, पण उतावळा. कूपर नदीवर तळ टाकून, चौघांना तिथे ठेवून, विल्स, किंग आणि ग्रे यांना घेऊन तो १६ डिसेंबर १८६० रोजी उत्तरेस निघाला. उत्तर किनाऱ्याच्या खारट दलदलीपर्यंत ते पोचले. परतताना ग्रे मेला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ च्या संध्याकाळी तळावर आले तो तळ रिकामा. चार महिने वाट पाहून तिथली माणसे त्याच दिवशी सकाळी निघून गेली होती. एका झाडावर खूण कोरून खाली थोडा शिधा पुरला होता, तेवढाच. दैवाची अशी थट्टा आपल्या पुराणांतही क्वचित सापडेल.

आता या ठिकाणी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. ज्या जागी हे तीन गोरे उपाशी पडले, ती जागा ओसाड नव्हती. कूपरच्या डोहांत मासे होते, आणि काठावर यांड्रुवांडा नावाच्या लोकांची वस्ती पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांच्या बायका नार्डू नावाच्या पाणवनस्पतीची बोंडे गोळा करत, भाजत, पाट्यावर पाण्याबरोबर वाटून त्याच्या भाकऱ्या करत. त्यांनी या तिघांना मासे दिले, भाकऱ्या दिल्या. बर्कला याचकपणा सोसवेना. एकदा कापड उचलल्याच्या रागाने त्याने गोळी झाडली. मासे देऊ केले ते झिडकारले. मग हे लोक दूर सरकले. गोऱ्यांनी स्वतः नार्डू गोळा करून खाल्ले, पण ते तयार करण्याची रीत पूर्णपणे शिकून घेतली नाही. आजचे अभ्यासक सांगतात की नीट न केलेल्या नार्डूतील एक द्रव्य शरीरातील ब जीवनसत्त्व खाऊन टाकते. पोट भरलेले असताना ही माणसे झिजत गेली. जूनअखेरीच्या सुमारास विल्स आणि बर्क दोघेही मेले.

किंग एकटा उरला, आणि त्याने धन्याने केले नाही ते केले. तो यांड्रुवांडांच्या मागोमाग गेला आणि त्यांच्यापाशी आसरा मागितला. बंदुकीने कावळे पाडून तो त्यांना देई. कारावॉ नावाच्या एका बाईच्या हाताला जखम होती. त्याने ती धुऊन औषध लावले. त्या दिवसापासून तिचे कुटुंब त्याला घरचा धरू लागले. अडीच महिने त्यांनी त्याला सांभाळले.

मेलबर्नमध्ये तोवर चिंता सुरू झाली होती. शोधासाठी माणूस निवडायची वेळ आली तेव्हा समितीने हॉविट यांना बोलावले. त्यांचे वय एकतीस. जून १८६१ च्या अखेरीस ते निघाले. वाटेत तळ सोडून आलेला ब्राहे भेटला, बातमी घेऊन ते एकदा परतले आणि मोठी तुकडी घेऊन पुन्हा निघाले. बरोबर पिंजऱ्यात कबुतरे होती, बातमी पाठवण्यासाठी. पिंजऱ्यात घासून त्यांच्या शेपट्यांची पिसे झडली आणि जंगली पारव्यांची पिसे जोडूनही ती कामाला आली नाहीत. सप्टेंबरमध्ये तुकडी कूपरवर पोचली.

१५ सप्टेंबर १८६१. तुकडीतील मोजणीदार एडविन वेल्श पुढे होता. काठावर काही आदिवासी दिसले. ते ओरडत होते, हातवारे करत होते, खाली बोट दाखवत होते. त्या काळी सरहद्दीवरच्या गोऱ्याने ओरडणारे आदिवासी पाहिले की त्याचा हात बंदुकीकडे जाई. वेल्शने घोडा पुढे काढला. गर्दी पांगली आणि मागे एक चिंध्यांतला हाडांचा सापळा गुडघ्यांवर पडलेला दिसला. तो किंग होता. हॉविट आले तेव्हा भोवती बसलेल्या यांड्रुवांडांच्या चेहऱ्यांवर मोठे समाधान होते, असे त्यांनी नोंदले आहे. हा माणूस आपण जपला, आता त्याचे लोक त्याला न्यायला आले, हा आनंद समजायला दुभाष्या लागत नाही.

किंगला घेऊन, दोघांना मूठमाती देऊन परत फिरले असते तरी हॉविट यांचे काम पुरे झाले असते. पण त्यांनी दोन-चार दिवस मुद्दाम खर्च केले. यांड्रुवांडांची वस्ती हलली होती. ते घोड्यावर बसून तिचा माग काढत गेले आणि त्या लोकांना तळावर बोलावले. कुऱ्हाडी, सुऱ्या, मण्यांच्या माळा, आरसे, फण्या, फिती वाटल्या. पीठ दिले, त्याला हे लोक गोऱ्यांचे नार्डू म्हणाले. पन्नास पौंड साखर वाटली, ती ज्या रुमालांत बांधून दिली त्यांवर इंग्रजांचे निशाण छापलेले होते. या रुमालांपाशी मी वाचताना थांबलो. देणाऱ्याचे मन स्वच्छ होते, घेणाऱ्यांना रुमालाचे कौतुक होते, आणि तरीही साखरेच्या पुडीबरोबर निशाण आले ते आले. पुढे समितीने तीन पितळी पट्टे करवले. बर्क, विल्स आणि किंग यांना दाखवलेल्या माणुसकीबद्दल हे दिले, अशा अर्थाचा मजकूर त्यांवर कोरला. हॉविट यांनी दुसऱ्या खेपेस ते कूपरवर नेऊन दिले. त्यांतला एक आज कॅनबेराच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयात आहे.

हे वर्तन किती वेगळे होते, हे त्याच वर्षाच्या इतर शोधमोहिमांकडे पाहिले म्हणजे कळते. बर्कला शोधायला चारी दिशांनी तुकड्या निघाल्या होत्या. क्वीन्सलंडातून फ्रेडरिक वॉकर निघाला. हा पूर्वी देशी पोलिसदलाचा प्रमुख. बरोबर त्याच दलातले शिपाई. वाटेत आदिवासींशी गाठ पडली तेव्हा त्याच्या माणसांनी बारा जणांना ठार केले. हे त्याने स्वतःच रोजनिशीत लिहिले आहे, आणि असे लिहिले आहे जसे आपण किराण्याचा हिशेब लिहितो. अॅडलेडहून जॉन मकिन्ले निघाला. त्याला एक गोऱ्याचे थडगे सापडले, तर सगळ्यांची कत्तल झाली असे त्याने ठरवले, तिथल्या लोकांवर गोळ्या झाडल्या आणि सरोवराचे नाव कत्तल सरोवर ठेवले. कत्तल झालीच नव्हती. किंग त्या वेळी मेलबर्नच्या वाटेवर होता. शोध एकच, सरकार एकाच राणीचे, मुलूख शेजारचे. एकाने विचारले आणि ऐकले, बाकीच्यांनी आधीच ठरवलेले होते.

हॉविट पुन्हा कूपरवर गेले, १८६२ सालचा बराचसा काळ तिथे राहिले, भाषा थोडी शिकले आणि बर्क-विल्स यांच्या अस्थी घेऊन अॅडलेडमार्गे परतले. २१ जानेवारी १८६३ रोजी मेलबर्नमध्ये मोठ्या इतमामाने अंत्ययात्रा निघाली. दोन्ही खेपांत हॉविट यांनी आपला एकही माणूस गमावला नाही. त्यांची बक्षिसी म्हणून सरकारने त्यांना गिप्सलंडच्या ओमिओ भागात न्यायाधीश आणि खाणींचे अधिकारी नेमले. १८६४ साली अॅडलेडच्या न्यायमूर्ती बूथबी यांची कन्या मारिया हिच्याशी विवाह झाला. सव्वीस वर्षे हा न्यायाधीश घोड्यावर बसून डोंगरदऱ्यांतून फिरत न्याय देत राहिला.

आता गिप्सलंडविषयी चार शब्द, कारण तिथेही एक शोध होऊन गेला होता. १८४० च्या सुमारास अँगस मक्मिलन नावाच्या स्कॉच गृहस्थाने हा मुलूख गुराख्यांना खुला केला. तिथले मूळ लोक कुर्नाई. गुरे आणि बंदुका यांच्यापुढे त्यांचा निभाव लागला नाही. १८४३ साली वॉरिगल ओढ्याकाठी एकाच वेळी साठापासून दीडशेपर्यंत लोक मारले गेले असावेत, असे अभ्यासकांचे अंदाज आहेत. तशात मेलबर्नमध्ये अफवा उठली की, कुर्नाईंनी एक गोरी स्त्री पळवून ठेवली आहे. १८४६ आणि १८४७ साली तिच्या शोधासाठी खाजगी आणि सरकारी तुकड्या निघाल्या. तिला वाचता यावे म्हणून इंग्रजी आणि गेलिक भाषांत निरोप छापलेले रुमाल झाडाझुडपांत टाकले. पुन्हा रुमालच! सरकारच्या देशी पोलिसांनी कुर्नाईंचा एक प्रमुख, बंगेलीन, याला ओलीस म्हणून धरले. गोऱ्या स्त्रीच्या जागी हाती लागला तो जहाजाच्या नाळेवरचा बाईच्या आकृतीचा लाकडी पुतळा. स्त्री कधीच सापडली नाही. बहुधा ती नव्हतीच. बंगेलीन मात्र १८४८ साली कैदेतच मेला. नसलेल्या एका बाईसाठी किती कुर्नाई गेले, याचा हिशेब कोणी नीट ठेवला नाही.

अशा मुलखात हॉविट न्यायाधीश होऊन आले. कुर्नाई तोवर मूठभर उरले होते आणि बहुतेक जण मिशनच्या दोन वस्त्यांत राहत. हॉविट यांनी बेर्न्सडेलजवळ जमीन घेऊन हॉप वेलींचा मळा केला. तोडणीला कुर्नाई येत. त्यांत टुलाबा नावाचा एक वयस्क माणूस होता. दिवसा काम आणि संध्याकाळी प्रश्न, असे चालू झाले. नाते कसे मोजता, मामाला काय म्हणता, कोणाचे कोणाशी लग्न चालते, कोणाचे चालत नाही. फिजी बेटांवर मिशनरी म्हणून राहून आलेले लॉरिमर फायसन हे त्यांचे सहकारी झाले. १८८० साली दोघांनी मिळून कामिलरोई आणि कुर्नाई या दोन लोकांविषयीचा ग्रंथ काढला. ज्यांना गोरे लोक रानटी म्हणत, त्यांचे नात्यागोत्याचे नियम किती काटेकोर आहेत, हे त्यात पानोपानी दिसते. सगोत्र-सपिंडाची चर्चा घरात ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकांना त्यात नवल वाटणार नाही, पण लंडनला वाटले.

१८८४ साली हॉविट यांच्या खटपटीने कुर्नाईंनी बरीच वर्षे बंद पडलेला जेराइल नावाचा विधी केला. मुलांना पुरुषांत घेण्याचा हा संस्कार. त्याला आपली मुंज म्हटले तर फार चुकणार नाही. या विधीत एक वाद्य असते. लाकडाची पातळ चपटी पट्टी दोरीला बांधून डोक्याभोवती गरगरा फिरवायची. तिच्यातून घुमणारा आवाज निघतो, तो जवळ येतो, दूर जातो. स्त्रियांनी आणि संस्कार न झालेल्यांनी ती पाहायची नाही. हॉविट यांनी हा सगळा विधी पाहिला, जेवणाखाण्याची तरतूद केली आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या त्याच नियतकालिकात तो तपशीलवार छापला. जे बायकामुलांपासून पिढ्यान्‌पिढ्या लपवले होते, ते चार शिलिंग टाकणाऱ्या कोणालाही वाचायला मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. त्यांनी छापले नसते तर कदाचित आज काहीच राहिले नसते. आणि छापले म्हणून त्यांनी विश्वासाने दिलेल्या गोष्टीचा विश्वास पाळला असेही म्हणता येत नाही.

माझे वडील दरबारी गवई. त्यांच्याजवळच्या बहुतेक चिजा त्यांनी शिष्यांना हात न राखता दिल्या, पण दोन-तीन चिजा अशा होत्या की त्या वहीत उतरवू दिल्या नाहीत. समोर बसून घ्या, कागदावर नको, असा त्यांचा कटाक्ष. लहानपणी मला तो कोतेपणा वाटे. आता शिकवायला लागल्यावर कळते की गाणे देणे म्हणजे माणूस निवडणे आहे. कागद निवड करत नाही. कुर्नाईंच्या म्हाताऱ्यांनी हॉविट यांना निवडले होते. त्यांनी लंडनला निवडले नव्हते.

आणि आता त्या गीतांकडे येतो. मेलबर्नजवळच्या वुरुंडजेरी लोकांत विल्यम बराक नावाचे एक वृद्ध होते. जन्म १८२४ च्या सुमाराचा. मेलबर्न शहर वसण्यापूर्वीची त्यांची आठवण होती. कोरंडर्क नावाच्या राखीव वस्तीवर ते आपल्या लोकांचे पुढारी म्हणून राहत. ती जमीन काढून घेण्याचे बेत सुरू झाले तेव्हा आपल्या माणसांना घेऊन ते मेलबर्नपर्यंत चालत जाऊन मंत्र्यांना भेटले. ते चित्रे काढत आणि गात. आपल्या रिवाजाने त्यांना बराकबुवाच म्हटले पाहिजे. हॉविट यांनी त्यांच्याकडून पुष्कळ माहिती घेतली, आणि गीतांची पाळी आली तेव्हा डॉ. टॉरन्स नावाच्या संगीतज्ञ पाद्र्याची मदत घेतली. बराक गायले आणि टॉरन्स यांनी पाच रेघांच्या लिपीत ते उतरवले. १८८७ साली हॉविट यांचा गीते आणि गीतकारांवरचा निबंध आणि टॉरन्स यांचे टिपण एकत्र छापले गेले.

त्याच सुमारास, म्हणजे १८८६ साली, आपल्या बडोद्यात सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांची गायनशाळा सुरू झाली आणि चिजा स्वरलिपीत मांडून शिकवल्या जाऊ लागल्या. गाणे कागदावर धरण्याची धडपड समुद्राच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी चालली होती. फरक एवढाच की इकडे लिहिणारा स्वतः गवई होता आणि शिकणारी मुले समोर बसली होती. तिकडे लिहिणारा परका होता, आणि गाणाऱ्यापुढे बसून शिकणाऱ्यांची पिढी विखुरली होती. लिपी कोणतीही असो, तिच्यात स्वर सापडतो, पण एका स्वरावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट तिच्यात फारशी सापडत नाही, हे आम्हा शिकवणाऱ्यांना रोज भेटणारे सत्य आहे. तरीही त्या रेघांत बराकबुवांचा दम कुठे संपतो, आवर्तन कुठे फिरते, हे पेटीवर बोटे ठेवल्यावर थोडेसे कळते. तेवढे का होईना, कळते.

हॉविट यांच्या त्या निबंधात गीतकारांची जी वर्णने आहेत, ती आपल्या गवयांनी वाचावीत अशी आहेत. या लोकांत गीत कोणाचे हे पक्के ठाऊक असे. बराकांनी गायलेले एक गीत कुर्बुरूचे, दुसरे वेनबेरीचे. गाताना कर्त्याचे नाव सोडायचे नाही. समुद्रकाठच्या लोकांत उंबारा नावाचा एक कवी होता. होडी लाटांवर हेलकावत असली तरच त्याला गीत सुचे. कुर्नाईंमध्ये बिराआर्क नावाचे लोक असत. त्यांना मृतांच्या आत्म्यांकडून गीते आणि नाच मिळत, अशी श्रद्धा होती. आणि गीते एका जमातीकडून दुसऱ्या जमातीकडे इतकी दूर जात की गाणाऱ्याला शब्दांचा अर्थ कळत नसे, तरी तो ती बरोबर म्हणे. ब्रज भाषेचे बोल अर्थ न विचारता पिढ्यान्‌पिढ्या गाणाऱ्या आपल्या महाराष्ट्रीय घराण्यांना यात परके काय आहे?

हॉविट १८८९ साली खाण खात्याचे सचिव झाले, पुढे हिशेब तपासनीस मंडळावर गेले आणि १९०१ साली निवृत्त झाले. दरम्यान गिप्सलंडच्या निलगिरी वृक्षांवर आणि खडकांवर त्यांनी लिहिले. १९०४ साली आग्नेय ऑस्ट्रेलियातील मूळ जमातींवरचा त्यांचा मोठा ग्रंथ लंडनला निघाला आणि केंब्रिजने त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्याच्या आदल्या वर्षी बराक वारले होते. ७ मार्च १९०८ रोजी बेर्न्सडेल येथे हॉविट यांचे देहावसान झाले.

त्यांच्या हयातीतच कूपरवर काय झाले, हे सांगितल्याशिवाय चरित्र पुरे होत नाही. त्यांनी आणि इतर शोधकांनी दाखवलेल्या वाटांनी गुरांचे मालक आले. डोहांचे पाणी गुरांना गेले, नार्डूच्या जागा तुडवल्या गेल्या, नवे रोग आले. यांड्रुवांडांपैकी पुढे थोडेच उरले. ज्यांनी एक गोरा वाचवला, त्यांना वाचवायला पितळी पट्टा पुरला नाही. हॉविट यांना हे दिसत होते. हे लोक नाहीसे होणार, असे त्या काळच्या विद्वानांप्रमाणे तेही धरून चालले होते. म्हणूनच त्यांची टिपून घेण्याची घाई होती. वडिलांनी ज्या अन्यायाचा ग्रंथ लिहिला, त्याच व्यवस्थेत मुलाने नोकरी केली, आणि नोकरीत राहून जेवढे ऐकता आले तेवढे ऐकले. व्यवस्था बदलण्याचा प्रयत्न त्यांच्या चरित्रात मला आढळला नाही.

पण ते धरून चालले होते ते खरे ठरले नाही. ते लोक नाहीसे झाले नाहीत. २०१० साली गुनाईकुर्नाई लोकांचा त्यांच्या मुलखावरील मूळ हक्क ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने मान्य केला, २०१५ साली यांड्रुवांडांचा आणि त्यांच्या शेजाऱ्यांचा. हॉविट यांच्या वह्या मेलबर्नच्या ग्रंथालयात जपलेल्या आहेत, आणि त्या उलगडून आपल्या पणजोबांची भाषा, नातेशब्द आणि गीते वाचणाऱ्यांत आज त्या लोकांचे वंशज आहेत. टुलाबाने मळ्यात बसून आणि बराकबुवांनी पाद्र्यासमोर बसून जे सांगितले, ते लंडनमार्गे, फार लांबच्या वळणाने का होईना, त्यांच्याच घरी पोचते आहे. हॉविट यांच्या पदरी जे पुण्य टाकायचे ते या पोचण्याचे टाकावे, आणि त्यातला मोठा वाटा सांगणाऱ्यांच्या नावे लिहावा. कर्त्याचे नाव सोडायचे नाही, ही त्यांचीच रीत आहे.